मेसेजमधून काय पोहोचतं, काय गळतं?

दहावी-अकरावीतली मुलं असलेल्या पुण्यातल्या बहुतेक घरांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. मुलगी रात्री मैत्रिणीला लांबलचक मेसेज पाठवते. उत्तर येतं, ‘ठीक आहे.’ दोनच शब्द आणि पुढे पूर्णविराम. ‘ती चिडलीय का माझ्यावर?’ या प्रश्नात तिची अर्धी रात्र जाते. दुसऱ्या दिवशी क्लासच्या दाराशी दोघी भेटतात तेव्हा कळतं, की आईनं जेवायला हाक मारली होती, म्हणून मैत्रिणीनं घाईत तेवढंच लिहिलं. तेच दोन शब्द समोरासमोर बोलले गेले असते, तर गैरसमजाला जागाच नव्हती.

त्याच वर्गात एक मुलगा आहे. तास चालू असताना तो कधी हात वर करत नाही. पण रात्री वर्गाच्या ग्रुपवर गणितातली नेमकी अडचण तोच विचारतो आणि ती वाचून आणखी चारजण लिहितात, ‘मलाही हेच अडलंय.’

एकच साधन एकीची झोप उडवतं आणि दुसऱ्याला बोलतं करतं, हे कसं? ‘मोबाइल चांगला की वाईट’ या वादातून याचं उत्तर मिळत नाही. बोलण्याचा मेसेज होताना त्यातून काय काय वगळलं जातं, हे पाहिलं की कोडं सुटायला लागतं. आधी आवाज जातो. मग दोघांनी एकाच वेळी हजर असण्याची गरज जाते. आणि बोलून झालं की विसरलं जाणं, हा बोलण्याचा मोठा गुणही जातो. मेसेजचे फायदे आणि तोटे या तीन गोष्टींतूनच येतात.

१६० अक्षरांची चौकट

मेसेज एवढे त्रोटक का झाले, याचं मूळ तंत्रात आहे. मोबाइल आणि टॉवर यांच्यात आवाज नेणारा एक मार्ग असतो. ‘हा फोन अमुक ठिकाणी आहे’, ‘याला कॉल आलाय’ असे व्यवस्थेचे निरोप नेणारा दुसरा, लहान मार्ग असतो. हा दुसरा मार्ग बराच वेळ मोकळा असतो. त्यातून लोकांचे छोटे निरोप पाठवता येतील, हे १९८० च्या दशकात युरोपातल्या अभियंत्यांच्या लक्षात आलं. मार्ग लहान असल्यामुळे एका निरोपाला १४० बाइट एवढीच जागा मिळाली. त्यात इंग्रजीची १६० अक्षरं बसतात. एवढी अक्षरं पुरेशी आहेत, असा आग्रह १९८५ मध्ये जर्मन अभियंते फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी धरला. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्यानं संगणकावरून पाठवला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या.

देवनागरीसाठी ही चौकट आणखी लहान होती. तेवढ्याच जागेत देवनागरीची ७० चिन्हंच मावतात आणि काना, मात्रा, उकार वेगळे मोजले जातात. ‘पुणे’ लिहायला चार चिन्हं खर्ची पडतात. शिवाय सुरुवातीच्या कितीतरी फोनवर देवनागरी दिसतच नसे. वास्तविक भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं काम पुण्यातच, सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत, १९८८ पासून सुरू होतं. पण ते हातातल्या फोनपर्यंत पोहोचायला बरीच वर्षं गेली. तोवर एका पिढीला इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची सवय लागली. ती आजही टिकून आहे.

त्या काळी मेसेजला दोन लगाम होते, पैसे आणि मर्यादा. दिवाळीसारख्या सणांच्या दिवशी सवलतीचे पॅक चालत नसत. जाहिरातींचा सुळसुळाट रोखण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, सप्टेंबर २०११ मध्ये दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली आणि पुढे ती २०० केली. व्हॉट्सॲपनं ही चौकट मोडली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि खर्चाचा लगामही सुटला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले करोनारुग्ण पुण्यात सापडले, पाठोपाठ शाळा बंद झाल्या आणि मोबाइल हाच वर्ग झाला. बारावीनंतर फोन देऊ, असं ठरवलेल्या घरांनीही तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती तो दिला. शाळा पुन्हा उघडल्या, पण फोन बहुतेकांच्या हातातच राहिला.

आवाज जातो तेव्हा

आपण बोलतो तेव्हा शब्दांसोबत स्वर जातो, चेहरा जातो, मधला विराम जातो. ‘वा, छानच केलंस!’ हे कौतुक आहे की टोमणा, ते शब्दांवरून कळत नाही, स्वरावरून कळतं. मेसेजमध्ये स्वर नसतो. पण लिहिणाऱ्याला त्याची उणीव जाणवत नाही, कारण लिहिताना त्याच्या मनात स्वतःचाच आवाज चालू असतो.

जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे प्रयोगानं दाखवलं. विद्यार्थ्यांनी काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधानं एकमेकांना कळवायची होती, काहींनी आवाजातून, काहींनी ईमेलनं. १०० पैकी ७८ वेळा आपला रोख समोरच्याला कळेल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाजातून तो सुमारे ७३ वेळा कळला. ईमेलमधून फक्त ५६ वेळा. पर्याय दोनच होते, म्हणजे डोळे मिटून उत्तर दिलं तरी ५० वेळा बरोबर येणारच. लेखी मजकुरातून स्वर जवळपास पोहोचलाच नव्हता.

रिकामी राहिलेली ही जागा वाचणारा आपल्या मनःस्थितीनं भरतो. मन आनंदात असेल तर ‘ठीक आहे’ हे साधं ‘ठीक आहे’ असतं. मन आधीच धास्तावलेलं असेल तर त्यात राग ऐकू येतो. किशोरवयात ही धास्ती जास्त असते. मेंदूतली भावनांशी आणि बक्षिसाच्या ओढीशी संबंधित केंद्रं या वयात जोरात असतात. थांबून विचार करायला लावणारा कपाळामागचा भाग मात्र साधारण पंचविशीपर्यंत घडत राहतो. मित्रमैत्रिणींनी आपल्याला आपलं म्हणणं ही या वयाची खरीखुरी गरज असते. ‘एवढ्याशा मेसेजचं काय मनाला लावून घेतेस?’ हा मोठ्यांचा प्रश्न म्हणूनच तिथे उपयोगाचा नसतो.

आवाजाचं काम शरीरातही मोजता येतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्टझर आणि सहकाऱ्यांनी साधारण सात ते बारा वर्षांच्या मुलींना अनोळखी माणसांसमोर भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावली. त्या ताणानंतर काहींना आई भेटली, काहींशी ती फोनवर बोलली, काहींना तिनं मेसेज केले आणि काहींचा तिच्याशी संपर्कच झाला नाही. भेट किंवा फोन झालेल्या मुलींच्या शरीरात जिव्हाळ्याशी जोडलेलं ऑक्सिटोसिन वाढलं आणि ताणाचं कॉर्टिसॉल उतरलं. मेसेज मिळालेल्या मुली मात्र संपर्कच न झालेल्या मुलींसारख्या राहिल्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास लहान गटावरचा आहे आणि त्यातल्या मुली किशोरवयाच्या उंबरठ्यावरच्या आहेत, त्यामुळे तो सगळ्यांना सरसकट लावता येणार नाही. तरी त्याची दिशा स्पष्ट आहे. लातूर-नांदेडहून अकरावीसाठी पुण्याच्या वसतिगृहात आलेल्या मुलाचं परीक्षेच्या आदल्या रात्री अवसान गळालं असेल, तर ‘काळजी करू नकोस’ असं लिहिण्यापेक्षा आईनं पाच मिनिटं फोन करावा.

आणि तरीही, आवाज जाणं हेच काहींसाठी वरदान ठरतं. याच वसतिगृहातल्या मुलाला वर्गात तोंड उघडायची भीती वाटते, कारण त्याच्या बोलीवर कुणीतरी हसलेलं असतं. पुण्यात हे घडतं, हे मान्य करायला हवं. मेसेजमध्ये हेल कुणाला ऐकू येत नाही. तिथे त्याचा प्रश्न प्रश्न म्हणून वाचला जातो. अडखळत बोलणाऱ्या मुलांनाही हाच आधार मिळतो. कर्णबधिर मुलांसाठी तर मेसेजनं फोन पहिल्यांदा उपयोगाचा केला. मैत्रिणीला ‘मी निघाले’ कळवण्यासाठी त्यांना आता तिसऱ्या माणसाची मदत लागत नाही. काही अवघड गोष्टीही तोंडानं निघत नाहीत आणि लिहिता येतात. ‘बाबा, मला सायन्सला जायचं नाही,’ हे वाक्य लिहून पाठवलं, म्हणून कितीतरी घरांत बोलणं सुरू होऊ शकतं. बोलणं सुरू झालं, की पुढचं मात्र समोर बसूनच व्हावं.

वेळ सुटते तेव्हा

फोनवर बोलायला दोघांनी एकाच वेळी मोकळं असावं लागतं. मेसेजला ही अट नाही. पाठवणारा आपल्या सोयीनं पाठवतो, वाचणारा आपल्या सोयीनं वाचतो. या सोयीवर किशोरवयीन पुण्याचा निम्मा दिनक्रम चालतो. गणेशोत्सवाआधी ढोल-ताशा पथकाचा सराव आज नदीपात्रात आहे की पावसामुळे रद्द, हे एका मेसेजनं शंभर जणांना कळतं. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमीची वेळ, चुकलेल्या तासाच्या वह्यांचे फोटो, पीएमपीची बस उशिरा आल्याचा निरोप, रात्री क्लास सुटल्यावर घरी जाणारं ‘निघाले’, सगळं याच वाटेनं जातं. राग आला असताना लगेच उत्तर न देता दहा मिनिटं थांबण्याची सोयही फक्त इथेच आहे.

पण उत्तर कधी येईल हे ठरलेलं नसतं आणि तिथेच मन अडकतं. कधी बक्षीस लगेच मिळतं, कधी उशिरा, कधी मिळतच नाही, अशा वेळी प्राणी प्रयत्न सोडत नाहीत, उलट अधिक चिकाटीनं करत राहतात, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या मध्यावरच दाखवलं होतं. मेसेजचं तेच आहे. प्रत्येक वेळी फोन पाहिल्यावर काहीतरी असतंच असं नाही, म्हणूनच हात पुन्हा पुन्हा फोनकडे जातो. त्यात २०१४ मध्ये व्हॉट्सॲपवर निळ्या टिका आल्या. आधी ‘वाचलं नसेल’ अशी समजूत घालता येत होती. आता वाचूनही उत्तर दिलं नाही, हे दिसतं, आणि उशिराचाही अर्थ लावला जातो.

अभ्यासावर याचा परिणाम कसा होतो? फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना एकाग्रतेचं काम दिलं आणि मध्येच त्यांच्या फोनवर सूचना पाठवल्या. त्यांनी फोनला हातही लावला नाही, तरी त्यांच्या चुका वाढल्या. गॅसवर दूध ठेवून आपण भाजी निवडायला बसतो तेव्हा हात भाजीत असतात, पण मनाचा एक कोपरा दुधाकडे असतो. उत्तराची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याचं नेमकं हेच होतं. पुस्तक उघडं असतं, डोळे ओळींवरून फिरतात, पण लक्ष देण्याची मेंदूची मर्यादित ताकद वाटली गेलेली असते. फोन उपडा ठेवून हे थांबत नाही. तो दुसऱ्या खोलीत ठेवला तर बराच फरक पडतो.

सर्वांत मोठी किंमत झोपेला मोजावी लागते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असं झोपतज्ज्ञ सांगतात. याच वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन लहानपणापेक्षा उशिरा स्रवू लागतं आणि रात्री अकरापर्यंत डोळा लागत नाही. हा आळस नाही, वाढीचा भाग आहे. त्यात कॉलेज किंवा क्लास सकाळी सातला असला, की साडेपाचला उठावं लागतं. अकरा ते साडेपाच म्हणजे साडेसहा तास. मुळातच तुटपुंज्या असलेल्या या झोपेतून ग्रुपवरच्या गप्पांनी आणखी एक तास काढून घेतला, तर राहतात साडेपाच. पडद्याच्या प्रकाशाचा वाटा त्यात आहेच, पण ‘आता काय लिहिलं असेल?’ म्हणून जागं राहिलेलं मनही तेवढंच जबाबदार आहे. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय घेतला. किशोरवयाच्या मुलांना तो लागू नाही. त्यांची झोप घरालाच सांभाळावी लागते.

बोललेलं पुसलं जात नाही

कट्ट्यावर बोललेलं बरंचसं दोन दिवसांत विसरलं जातं. मैत्री टिकायला या विसरण्याची फार मदत होते. मेसेज राहतो. नोट्स, वेळापत्रकं, आजीच्या आवाजातला निरोप यांसाठी ते राहणं चांगलंच. कुणी धमकावत असेल, तर तोच मेसेज पुरावा ठरतो.

पण रागात लिहिलेलं एक वाक्यही तसंच राहतं आणि स्क्रीनशॉट होऊन भलतीकडे पोहोचतं. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपचे मेसेज पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत कूटबद्ध जातात, म्हणजे वाटेत कुणी ते वाचू शकत नाही. हे संरक्षण वाटेपुरतंच आहे. घेणाऱ्याच्या हातात पोहोचल्यावर तो त्याचं काय करील, यावर कोणत्याही तंत्राचा ताबा नाही. विश्वासानं पाठवलेला खासगी फोटो याच टप्प्यावर फुटतो. अठरा वर्षांखालील व्यक्तीचे अश्लील फोटो तयार करणं, पुढे पाठवणं किंवा डाउनलोड करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे, हे प्रत्येक मुलाला आणि मुलीला आधीच माहीत असायला हवं.

पुढे ढकललेल्या एका मेसेजची ताकद महाराष्ट्रानं पाहिली आहे. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा फोनवरून पसरत होत्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे जमावानं भटक्या समाजातल्या पाच निरपराध माणसांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. फॉरवर्डचं बटण दाबणारा प्रत्येकजण त्या मेसेजची जबाबदारी घेत असतो, हे शिकायला किशोरवयापेक्षा योग्य वेळ नाही.

भाषा बिघडते का?

पालक-शिक्षकांची ही जुनी तक्रार. ब्रिटनमध्ये बेव्हर्ली प्लेस्टर आणि क्लेअर वुड यांनी दहा ते बारा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. मेसेजमध्ये शब्दांची तोडमोड जास्त करणाऱ्या मुलांचं वाचन उलट सरस आढळलं. शब्द कसा ऐकू येतो हे नीट कळलं, तरच तो मोडून पुन्हा ओळखता येईल असा लिहिता येतो. अर्थात हा अभ्यास इंग्रजीचा आहे. मराठी मुलांचा प्रश्न वेगळा आहे. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ, न आणि ण, जोडाक्षरं यांचा सराव होतच नाही, आणि बोर्डाची उत्तरपत्रिका तीन तास हातानं लिहावी लागते. उपाय सोपा आहे. फोनवर देवनागरी कळफलक सुरू करावा आणि रोज थोडं हातानं लिहावं.

लगाम कुणी धरायचा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावानं २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून अठरा वर्षांखालच्या मुलांच्या मोबाइल वापरावर बंदी घातली. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं दुसरा मार्ग निवडला. १५ ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद राहू लागले. मुलं अभ्यासाला बसायची आणि मोठी माणसं एकमेकांशी बोलायची. दुसऱ्या मार्गाचं बळ असं, की तो नियम सगळ्यांना सारखा होता. बाबा स्वतः जेवताना फोन पाहत असतील, तर मुलाला दिलेला सल्ला पोकळ ठरतो. बंदीतून मेसेज कसा वापरावा हेही शिकता येत नाही. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर फोन हातात येतोच, तोवर समज यायला हवी.

सवय हाताबाहेर गेली असेल, तर लाज न बाळगता मदत घ्यावी. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून वेगळं उपचार केंद्र आहे. पुण्यात १९८६ पासून काम करणारं येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही मोबाइलच्या आहारी गेलेल्यांना मदत करतं.

चौकट : थोडक्यात

* वेळ, ठिकाण, नोट्स, ‘पोहोचलो’ : मेसेज करा.
* माफी, भांडण, वाईट बातमी, धीर देणं : भेटा, नाहीतर फोन करा.
* तोंडानं सांगायला फारच अवघड असेल, तर लिहून सुरुवात करा आणि मग समोर बसून बोला.
* उत्तर तुटक वाटलं, तर अर्थ लावत बसू नका. ‘तू चिडली आहेस का?’ असं सरळ विचारा.
* अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत आणि रात्री घरातल्या सगळ्यांचे फोन बैठकीच्या खोलीत.
* खरं-खोटं माहीत नसलेला मेसेज पुढे पाठवू नका.
* कुणी छळत किंवा धमकावत असेल, तर मेसेज पुसू नका. मोठ्यांना दाखवा. मुलांसाठी मदतवाहिनी १०९८, मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६.

पालकांना एवढीच विनंती, की मुलाचा फोन हिसकावण्याआधी त्यातलं नेमकं काय त्याला त्रास देतंय आणि काय त्याला आधार देतंय, हे त्याच्याशी बोलून समजून घ्या. आणि मुलांनो, ज्या माणसाबद्दल मनात खरोखर काही आहे, त्याला आज एक फोन करा.